उकडलेले पंख

मी एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक केला. दोनशे चाळीस ताटं, दोन वेळा, वर सकाळचा नाश्ता. एवढ्या वर्षांत माझ्या हातचं खाऊन एकाही पोरीचं पोट बिघडलं नाही. हे मी सांगत सुटायचे. वाण्याला सांगायचे, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला सांगायचे, कोणी विचारलेलं नसताना सांगायचे. आता नाही सांगत. का नाही ते आज सांगून टाकते, फक्त मध्ये कोणी बोलू नका. मध्ये थांबले की मी विषय बदलते, ती माझी जुनी खोड आहे.

निवृत्त झाले तशी वसतिगृहातली खोली सुटली. सामान म्हणाल तर एक ट्रंक, दोन सुऱ्या आणि एक पातेलं, जे देणार नाही म्हणून मी अडून बसले होते. धाकटा भाऊ म्हणाला, ताई, माझ्याकडे राहायला ये. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि मी अठराची. त्याला मीच भरवलं, मीच रट्टे दिले, मीच शाळेत घातलं. पुढे तो चष्म्याच्या काचा घासायच्या कामाला लागला. मुळात काटेकोर, त्यात असलं काम. केसाएवढी चूक दिसली तरी त्याला अन्न गोड लागत नाही. लग्न त्यानेही केलं नाही आणि मीही नाही. आमची आत्या मरेपर्यंत आमच्या नावाने कपाळावर हात मारत होती.

त्याच्या दोन खोल्यांत माझ्या आधीपासून एकजण राहत होता. त्याचं नाव बटण. पिवळट अंग, आखूड पाय, काळं गोल नाक. प्राण्यांच्या आश्रमातून धाकट्याने त्याला आणला तेव्हा हाडांचा सापळा होता म्हणे. मी गेले तेव्हा चांगला गुबगुबीत होता आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की बाई किती दिवस राहणार आहेत.

कुत्र्याचं मला वावडं नाही. वावडं होतं ते त्याच्या जेवणाचं. धाकटा त्याला सकाळी कच्चं द्यायचा आणि संध्याकाळी पिशवीतलं कोरडं. कच्चं म्हणजे खरोखर कच्चं. कोंबडीचे पंख, माना, काळजाचा तुकडा, सगळं हाडासकट. कोरडं म्हणजे ते बाजारात मिळणारे तपकिरी दाणे. दोन्ही काट्यावर तोलून, दोन वेगळ्या भांड्यांत. एकत्र कधीच करायचं नाही. आठवड्याचे डबे भरून वर बर्फात ठेवलेले, त्यावर वाराच्या चिठ्ठ्या. माझ्या दह्याच्या भांड्याला जागा नाही आणि कुत्र्याच्या बुधवारला आहे! मी पहिल्याच आठवड्यात तोंड सोडलं. म्हटलं, घरात कसाईखाना मांडलायस, कच्चं मांस आणि पोट यांच्यामध्ये चूल असते, ती माणसाने उगीच नाही शोधून काढली. तो ऐकून घ्यायचा, हसायचा आणि काटा पुसून ठेवायचा. त्याच्या त्या शांतपणाचा मला फार राग यायचा.

आणि बटण तो पंख खायचा त्याचा आवाज. कडाम, कडाम. मी चहा घेऊन बाहेरच्या जिन्यात जाऊन बसायचे.

वर्ष असंच गेलं. मग धाकट्याच्या कारखान्यात काचा घासायचं नवीन यंत्र यायचं ठरलं आणि ते शिकायला त्याला आठ दिवस दुसऱ्या गावी पाठवायचं ठरलं. जायच्या आधी त्याने एक तक्ता केला आणि फ्रिजच्या दारावर लावला. सकाळी सात, कच्चं, दोनशे ग्रॅम. संध्याकाळी सात, कोरडं, ऐंशी ग्रॅम. प्रत्येक वारापुढे दोन चौकोन, दिलं की बरोबरची खूण करायची. खाली लाल शाईने लिहिलेलं, दोन्ही एकत्र नाही, शिजवून अजिबात नाही. शिजवून का नाही तेही तो मला समजावून सांगत होता. मी तेव्हा शेंगा सोलत होते. मान हलवत होते आणि ऐकत नव्हते. जो मुलगा माझ्या हातचं खाऊन वाढला तो मला जेवण शिकवतोय, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं.

सोमवारी तो गेला. सोमवारचा डबा त्यानेच घातला होता. मंगळवारी सकाळी मी डबा उघडला. गुलाबी पाणी सुटलेलं, त्यात ते गारढोण पंख. माझ्या हाताला ते लागले आणि मला शिसारी आली. मी मनात म्हटलं, त्या मुक्या जिवाला दुसरं काही मिळत नाही म्हणून तो हे खातो. कोणी विचारलंय का त्याला? मी माझं पातेलं काढलं, पाणी ठेवलं, पंख टाकले आणि चांगले उकडले. हाडाची भीती माझ्या मनाला शिवलीही नाही. उलट मला वाटलं, उकळल्यावर हाड मऊ पडतं, पोटाला हलकं. आजारी पोरींसाठी मी हाडांचं सूप करायचे, सहा सहा तास उकळून. त्या सुपातली हाडं मी गाळून फेकत होते, कोणाच्या ताटात वाढत नव्हते. एवढी साधी गोष्ट, पण ती मला तेव्हा आठवली नाही.

पुढचं ऐका. उकडलेलं पाणी फेकवेना. मग संध्याकाळचे ते कोरडे दाणे मी सकाळीच घेतले, त्यावर ते गरम पाणी ओतलं, वर पंख ठेवले. एकाच भांड्यात. लाल शाईने लिहिलेल्या दोन्ही गोष्टी एका फटक्यात मोडल्या, आणि खरं सांगते, मोडताना मला मजा वाटली. बटणने आधी वास घेतला. मग असा तुटून पडला की भांडं फरशीवर सरकत सरकत दारापर्यंत गेलं. संपल्यावर माझ्या पायाशी येऊन बसला, माझं पाऊल चाटलं. वर्षभरात पहिल्यांदा. मला काय वाटलं म्हणून सांगू. वसतिगृह सोडल्यापासून इतकं बरं मला वाटलंच नव्हतं.

मी जाऊन तक्त्यावर खूण केली. कच्चं, दोनशे ग्रॅम, दिलं. संध्याकाळी पातेल्यात उरलेलं घातलं की दुसरी खूण. रोज दोन खुणा, झोकदार. धाकटा रोज दुपारी फोन करायचा, उंटावरून शेळ्या हाकायचा. खाल्लं का? खाल्लं. सगळं? सगळं. ह्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, असं मी स्वतःला बजावायचे. आल्यावर त्याला सांगणार होते बरं का! आठ दिवसांत कुत्र्याच्या अंगावर तेज आलेलं दाखवणार होते आणि मग म्हणणार होते, बघ, हे उकडून घातलेलं आहे. त्या क्षणाची मी वाटच बघत होते.

पुढच्या मंगळवारी, म्हणजे तो परत यायचा त्याच दिवशी, बटणने सकाळचं खाल्लं आणि तासाभरात सगळं बाहेर काढलं. मग पाणी प्यायला तेही काढलं. मी म्हटलं, अधाशासारखं खाल्लं, होईल बरा. दहा वाजता तो कोपऱ्यात पाठीची कमान करून उभा राहिला. बसेना, झोपेना. पोटाला हात लावला तर माझ्याकडे बघून एक बारीक आवाज काढला. माणूस दातावर दात दाबून काढतो तसा. तेव्हा मला कळलं की हे साधं नाही.

आता जे सांगणार आहे ते मी धाकट्याला आजतागायत सांगितलेलं नाही. मला कळलं, आणि मी आधी फोन नाही केला. ओट्यावर पातेलं होतं, तळाला दोन पंख आणि ते पाणी. मी पंख कागदात गुंडाळले, खाली जाऊन कचऱ्याच्या पेटीत टाकले, पातेलं घासलं, पुसलं, ट्रंकेत ठेवलं. बटणचं भांडं घासलं. ओटा घासला. एवढं सगळं होईपर्यंत तो तसाच उभा होता. मग मी फोन केला. धाकटा तेव्हा स्टेशनवरून घरीच यायला निघाला होता. मी रडतच बोलले आणि ते रडणं खरं होतं, पण पातेलं आधी घासलं होतं, हेही खरंच आहे.

अर्ध्या तासात तो आला. बॅग दारात टाकली, बटणला टॉवेलात उचललं आणि आम्ही प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई पोरगेल्याच, पण हात मोठे खात्रीचे. पोट चाचपलं, फोटो काढला, लगेच आत घेतलं. पाण्याची टाकी भरल्याचा आवाज येत होता आणि बाकावर आमच्याशेजारी एक मुलगी सशाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसली होती.  धाकट्याने माझा हात धरून ठेवला होता. मला धीर द्यायला.

दोन तासांनी बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, जगेल, पण आतडं दोन ठिकाणी शिवावं लागलंय. मग एका स्टीलच्या वाटीत त्यांनी ते दाखवलं. हाडाचे तुकडे. बारीक, लांबट, टोकदार. त्या म्हणाल्या की कच्चं हाड सहसा असं फुटत नाही, वाकतं, चुरतं, हे शिजल्यासारखं फुटलेलं दिसतंय. आणि त्यांनी सरळ विचारलं, "हाडं शिजवलेली होती का?"

प्रश्न माझ्याकडे बघून होता. मी तोंड उघडलंसुद्धा होतं. पण त्याच्या आधी धाकटा बोलला.

"नाही हो. कच्चीच. मी तक्ता लावून गेलो होतो. आमची ताई जेवणाच्या बाबतीत इकडचं तिकडे करणार नाही. एकतीस वर्षं वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवलंय तिने."

बाईंनी माझ्याकडेच बघत पुन्हा विचारलं, नक्की ना? मी मान हलवली. होय अशी. शब्द नाही काढला तोंडातून. नुसती मान. शेंगा सोलताना हलवली होती तशीच.

मग त्या म्हणाल्या, काय सांगावं, कधी कधी कच्चंही घात करतं, एखाद्या जनावराचं आतडंच नाजूक असतं. हे त्या माझ्या भावाला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील. पण त्याने ते वाक्य जे धरलं ते सोडलंच नाही.

बटण पाच दिवसांनी घरी आला. पोट भादरलेलं, टाक्यांची लांब रेघ, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात ती प्लास्टिकची मोठी झालर. डॉक्टरांनी दिलेलं डब्यातलं मऊ खाणं दिवसातून चार वेळा, चमचा चमचा. धाकट्याने बर्फातले सगळे डबे काढून टाकले. फ्रिज पुसून माझ्या दह्याला वरचा कप्पा दिला. आणि त्या संध्याकाळी माझ्यासमोर बसून म्हणाला, ताई, तू वर्षभर सांगत होतीस, मी ऐकलं नाही, माझी चूक झाली, मला माफ कर.

भावाने बहिणीची माफी मागितली. चूक बहिणीची. आणि बहीण काय म्हणाली? जाऊ दे. असं म्हणाले मी. मोठ्या मनाने. वर त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर माझ्या घशाखाली घास उतरेना. खाई त्याला खवखवे म्हणतात ते अगदी खरं आहे. स्वयंपाक करायचे, वाढायचे, त्याच्यासमोर बसून चिवडायचे. तो म्हणायचा, ताई, तू बटणचं फार मनाला लावून घेतलंस. सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एकदा तो दाढी करत होता तेव्हा मागे जाऊन उभी राहिले. काय गं, म्हणाला. मी म्हटलं, साबण संपत आलाय. एकदा चिठ्ठी लिहिली. त्यात सुरुवातीला वसतिगृहाचं लिहिलं, मग माझ्या गुडघ्याचं, मग आईचं, आणि पान संपलं तरी पंख आलाच नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तरी किती. चिठ्ठी फाडून टाकली. आणि मनाच्या तळाशी आणखी एक होतं, तेही सांगते. मला वाटायचं, माझं काय उरलं आहे? घर नाही, नोकरी नाही, पेन्शन चिमूटभर. माझ्या हातचं खाऊन कोणी आजारी पडलं नाही, एवढं एकच माझ्यापाशी होतं. ते दिलं तर मी कोण? कोणाच्या तरी घरात राहणारी म्हातारी.

दोन आठवड्यांनी धाकटा म्हणाला की त्याने आश्रमात फोन केला आहे. बटणला दुसरं घर शोधा म्हणून सांगितलं. ज्याला आपल्या जनावराला खायला घालता येत नाही, त्याने ते पाळू नये. मी म्हटलं, वेडा आहेस का, असं कुठे असतं. तो म्हणाला, "हे माझ्या हातून झालंय, ताई. एकदा झालं, पुन्हा होईल. माझा माझ्यावर विश्वास राहिला नाही." आणि उठून बटणच्या झालरीतला मळ ओल्या कापडाने पुसत बसला.

माझा त्या वेळचा पहिला विचार ऐकाल तर थुंकाल माझ्यावर. मला वाटलं, गेलं कुत्रं की प्रकरण मिटलं. मग मला कोणी काही विचारणार नाही. हा विचार आला आणि मी तो हाकलला नाही, दोन दिवस बाळगला. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटा काम सोडून घरी बसलेला दिसला. बटणला मांडीवर घेऊन त्याचे कान नुसते चोळत होता. तो पाच वर्षांचा असताना आईची शाल घेऊन असाच बसायचा. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि तरी मी बोलले नाही.

रविवारी अकराला ती माणसं यायची होती. एक शिंपी आणि त्याची बायको. त्यांचं म्हातारं कुत्रं गेल्या महिन्यात गेलं होतं. धाकट्याने सकाळपासून बटणची पिशवी भरली. पट्टा, अंथरूण, दोन्ही भांडी, वजनकाटा, डॉक्टरांचे कागद. तो तक्तासुद्धा त्याने काढून घडी घालून ठेवला होता. माझ्या सोळा खुणांसकट.

ती दोघं वेळेवर आली. भली माणसं. शिंप्याच्या कॉलरला टाचण्या लावलेल्या होत्या, सुट्टीच्या दिवशीही काढायच्या राहिलेल्या. त्याच्या बायकोने येताना नवीन पट्टा आणला होता, लाल, तिनेच शिवलेला. बटण तिच्याजवळ गेला, वास घेतला, शेपूट हलवलं. मी चहा केला. कप द्यायला बाहेर आले तर धाकटा त्यांना समजावून सांगत होता. शाळेतल्या पोरासारखा ताठ बसून, हात गुडघ्यांवर.

"कच्चं अजिबात देऊ नका," तो म्हणाला. "मी देत होतो. सगळ्यांनी सांगितलं होतं, माझी बहीणसुद्धा सांगत होती. मी माझं शहाणपण चालवलं. याच्या पोटावर ते जे आहे ना, ते माझ्यामुळे आहे. तुम्ही तसं करू नका."

शिंपी अवघडला. त्याने कुठे बघावं ते त्याला कळेना, म्हणून तो माझ्याकडे बघायला लागला. अनोळखी माणसांसमोर माझा भाऊ मान खाली घालून माझं पाप आपल्या तोंडाने सांगत होता आणि मी ट्रे घेऊन उभी होते.  मी ट्रे खाली ठेवला.

"पंख मी उकडले होते," मी म्हटलं.

कोणालाच कळलं नाही. शिंप्याची बायको हसली, तिला वाटलं मी चहाबरोबर काही खायला केलंय. धाकट्याने वर बघितलं.

"काय?"

"तू गेलास तेव्हा. कच्चे नाही दिले मी. उकडून दिले. दाण्यांत कालवून. मंगळवारपासून रोज. खुणा खोट्या आहेत. डॉक्टरीणबाईंना मी जी मान हलवली, तीही खोटी."

चहा निवत होता. मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर मी उभी तरी राहू शकले असते. तो त्या दोघांकडे वळला आणि म्हणाला, माफ करा, तुम्हाला उगीच हेलपाटा पडला, बटण कुठे जाणार नाही. मोठ्या आदराने म्हणाला. शिंपी लगेच उठला. त्याच्या बायकोला उठायला जरा वेळ लागला. तिने तो लाल पट्टा हातातच धरला होता, तो घडी करून पर्समध्ये घातला, पर्सची चेन लावली आणि बटणच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्यामुळे तिच्या हाताशी आलेलं कुत्रंही गेलं, तेही मी मोजते.

दार लागल्यावर धाकटा परत खुर्चीत बसला. मी उभीच होते.

"तीन आठवडे झाले, ताई."

"हो."

"मी तुझी माफी मागितली होती."

"हो."

"तू म्हणालीस, जाऊ दे."

  मला सांगायचं होतं की मला कच्च्याची किळस आली, की मला वाटलं मऊ पडेल, की मला परत एकदा कोणीतरी माझ्या हातचं मिटक्या मारत खावं असं वाटत होतं. पण त्यातलं काही त्याने विचारलं नव्हतं. त्याने पिशवीतून एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडली. काटा, कागद, भांडी. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"त्याला आवडायचं का?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही.

"तू घालायचीस ते. आवडीने खायचा का तो?"

एवढं वजन करून, पुस्तकं वाचून, वर्षानुवर्षं पहाटे उठून त्याने त्याला घातलं होतं. ह्या एका वेळी खोटं बोलले असते तर पुण्य लागलं असतं. नाही रे, तोंडसुद्धा लावायचा नाही, असं म्हणायचं. जिभेवर आलं होतं. पण मी त्याच्याशी पुन्हा खोटं बोलू शकले नाही. खरं बोलण्याने कोणाचं भलं होतंय असंही नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "भांडं दारापर्यंत ढकलत न्यायचा."

त्याने मान हलवली. एकदाच. मग उठून त्याच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं, आणि आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. आमच्या घरात आतून कडी कोणी कधी लावत नव्हतं.

मी फरशीवर बसले. बटण माझ्यासमोर येऊन बसला, झालर फरशीला टेकवून. साडेबाराला त्याचं दुपारचं असायचं, दोन मोठे चमचे. पाऊण झाला. त्याने एकदा कपाटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, मग पंजा माझ्या गुडघ्यावर ठेवला. खाण्याचा डबा माझ्या हाताच्या अंतरावर होता, चमचा त्याच्यावरच ठेवलेला. दोनशे चाळीस ताटं वाढणारी बाई मी, पण त्या डब्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. बंद दारावर टकटक करायचीही झाली नाही.

"थांब," मी त्याला हळूच म्हटलं. "आधी त्याला विचारायला हवं."

आणि कसं विचारायचं ते सुचेना, म्हणून आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.